एक बाक सोडून

परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांसाठी कधीतरी बांधलेल्या दवाखान्यात
दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस.
दोन पाळ्यांच्या मधली दीड तासाची फट मला मिळाली.
धुळीचा कण नको, सिस्टर जोसेफीन म्हणाल्या.
घनश्यामनं ड्रिलच्या पात्यात चहाचा कागदी कप ओवला,
छताला भोक पाडलं,
आणि पडलेला सगळा चुना कपात झेलून
शिडीवरून असा खाली आणला
जसा कुणाला प्यायलाच द्यायचाय.

भिंती दीड हात जाड.
खालच्या मजल्यावरचं वायफाय जिना चढेपर्यंतच दमतं.
लॅपटॉप एका हातावर तान्ह्यासारखा धरून
मी खाटांमधून फिरले, आकडे पुटपुटत:
उणे चौपन्न, उणे एकसष्ट,
लोखंडी कपाटाआड उणे ऐंशी.

"सगळंच उणे?"
चार नंबरवरून आवाज आला.
मुंगीकाका. बँकेतले निवृत्त रोखपाल.
पाळी चारची, पण हे अडीचलाच येऊन बसणारे.
"मग खातं बंदच करा की."

म्हटलं, काका, आमच्यात उणेच असतं,
कमी उणे ते बरं.
"आमच्यातही तेच," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, अडतं कशानं?
मी सांगितलं: दगडानं, लोखंडानं, आरशानं,
आणि पाण्यानं.
माणूस मधे आला तरी थोडं विरतं,
माणसात पाणीच जास्त.
त्यांनी पोटावर हात ठेवला.
"आज तीन किलो दोनशे वर आहे मी.
म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथं बसलंय."
आणि एवढे हसले की सिस्टर बघायला आल्या.

केबल ओढली आरओच्या पाइपाशेजारून,
कबुतरांच्या काड्या बाजूला सारत.
टोक सोललं. आठ तारा बोटांत सरळ केल्या:
पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.
पाढ्यासारखं येतं हे, झोपेतही.
एक जागा चुकली
तर सगळं नीट दिसतं आणि काही चालत नाही.
क्रिंपर दाबला. कट्.
छताला ताटलीएवढं पांढरं यंत्र,
आधी केशरी दिवा, मग बराच वेळ काही नाही,
मग हिरवा.

शनिवारी तपासायला गेले
तर काकांनी औषधाच्या चिठ्ठीमागे
पेन्सिलीनं मजल्याचा नकाशा काढून ठेवलेला.
सुईनंतरचा बोळा दंडावर दाबून, तीन किलोंनी हलके होऊन
फोन समोर धरत ते सगळीकडे फिरले होते.
लिफ्टसमोर फुली. धुण्याच्या खोलीत फुली.
जिन्याजवळच्या बाकावर अर्धी फुली.

"इथं येतं-जातं," ते म्हणाले.
मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, ताकद वाढवते.
ते चिठ्ठीची घडी घालत बसले.
पुन्हा उलगडली.
"माझा मुलगा रोज फोनवर पाणी मोजतो.
किती प्यालात, किती काढलं, किती राहिलं.
चांगला आहे. तिकडे रात्र असते तेव्हा.
पण मशिनीनंतर अर्धा तास
मला काहीच मोजायचं नसतं.
तेवढा बाक...
सिस्टरची हाक पोचते तिथं. तेवढं पुरे नाही का?"

काय बोलणार.
माझ्या फोनवरही आईचे चार मिस्ड कॉल होते.

सेटिंग उघडलं.
खाटा एक ते नऊ, नर्सांचं टेबल, औषधांची खिडकी:
सगळीकडे भरपूर.
ताकद एक पायरी खाली आणली. पुन्हा मोजलं.
खाटांवर फरक नाही.
बाकावर उणे अठ्ठ्याऐंशी.
अर्ध्या फुलीची पुरी फुली झाली.

अहवालात व्याप्तीचा रकाना असतो.
लिहिलं: समाधानकारक.

शिडी आवरता आवरता घनश्याम फोन हलवत आला,
"दीदी, बाकापाशी मरतंय."
माहीत आहे, म्हटलं.
आणि तो चुन्याचा कप
अजून खिडकीत का ठेवलायस,
तो टाक आधी.