कोरडा खड्डा

तिबिलिसीत रात्री दोननंतर
शहर पुरतं गप्प झालं की आमचं काम सुरू.
लोखंडी दांडा रस्त्याला टेकवायचा,
वरच्या टोकाला कान,
आणि खाली पाणी कुठून पळतंय ते ऐकायचं.

पहिल्या हिवाळ्यात मला सगळंच ऐकू यायचं:
ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, तळघरातला फ्रीज,
माझंच रक्त.
गळती तेवढी नाही.
कान तयार व्हायला वेळ लागतो, म्हणाले.
किती, ते कुणी सांगेना.

ओतार निवृत्तीला आलेला.
अडतीस वर्षांचे कान घरी जाणार
म्हणून कचेरीला घोर.
चाळीस रकान्यांची नोंदवही त्याच्यापुढे ठेवली:
येतं ते सगळं लिहून द्या.
तीन दिवस तो खुर्चीत बसला,
पेन्सिलीला चारदा टोक काढलं
आणि लिहिलं:
'ओतीव लोखंड असेल तर आवाज लांब जातो.'
खाली सही.

साहेब चिडले. मी हसले.
ओतार मात्र खरोखर ओशाळला होता.
त्याला वाटलं, एवढंच येतं आपल्याला.

गुरुवारी पंपघरात
मीटर तपासायच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून
पाव, खारं चीज, काकड्या.
साबुर्तालोची त्सियाला, ग्लदानीचा मामुका,
कधी कुणी, कधी कुणी.
'परवा एक विचित्रच आवाज होता.'
ओतारच्या हातातला घास थांबतो.
'फिसफिस की गुरगुर?'
'शिट्टी. पण ओली.'
'मग झडप अर्धी उघडी असणार.
वीज नसायची ना, त्या हिवाळ्यांत
सगळ्या शहराचं पाणी ऐकू यायचं,
तेव्हा अशीच एक...'
आणि मग ते अडतीस वर्षांतलं एक वर्ष
चीजबरोबर इकडून तिकडे फिरायचं.

फेब्रुवारीत मी बेकरीसमोर खडूनं फुली मारली.
यंत्र आलं, रस्ता फुटला,
दीड मीटर खाली कोरडी ठणठणीत माती.
बेकरीवाला पिठाच्या हातांनी दारात उभा.
त्याचंच कणीक मळायचं यंत्र
तीन वाजता तळघरात सुरू व्हायचं.
नोंदवहीत लिहिलं: गळती आढळली नाही.
खोटं नव्हतं.
'चुकले' असा रकानाच नव्हता.

गुरुवारी मी नुसतीच चावत बसलेली.
त्सियाला म्हणाली, 'बोल की,
जेवण निवायची भीती नाही, गारच आहे.'
बोलले.
कुणी हसलं नाही.
मामुका म्हणाला, 'माझे असे तीन.'
ओतार बोटं मोजत राहिला.
'अकरा. एक तर मंत्र्याच्या फाटकासमोर.'
मग हसलो. त्या रात्री बाकावर
ताटल्यांपेक्षा खड्डे जास्त होते.

मार्चमध्ये पहाटे मामुकाचा फोन.
'तुझा बेकरीचा आवाज कसा होता?
तोंडानं काढून दाखव.'
मी अंथरुणात बसून
घुं... घुं... मध्ये एक अडखळ... घुं...
नवरा दिवा लावून बघत राहिला.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
'हाच,' मामुका म्हणाला,
आणि त्या रस्त्यावर कुदळ पडली नाही.
ही नोंद कुठेच नाही.

ओतार आता गुरुवारी पाहुण्यासारखा येतो,
म्हणजे सगळ्यांच्या आधी.
नवा पोरगा आलाय, बाचो.
परवा दांड्यावरून तोंड वर करून म्हणाला,
'ताई, मला सगळंच ऐकू येतं.'
म्हटलं, गुरुवारी ये.
काकड्या आण.