नेढ्यातली भर

लोहारपट्टीत शब्बीरभाई म्हणाले,
"दीदी, भट्टी में धर दो,
दो मिनट में राख होके गिर जाएगा."
मी कुऱ्हाड पुन्हा पिशवीत घातली.

लाकूड जळेल, ते खरंच,
पण पात्याचं पाणी उतरेल.
पाणी उतरलेलं पातं दिसायला तसंच दिसतं,
पहिल्या घावाला मात्र ओठ मुडपतं.
म्हणून रामबागेत, मागच्या ओट्यावर,
पाव इंची पटाशी घेऊन बसले
नेढ्यातला खुंट कोरत,
चिमूट चिमूट.

मोडला ओंकारनं. गेल्या हप्त्यात
पडलेल्या गुलमोहराच्या ओंडक्यावर
पातं पुढे गेलं, दांडाच आपटला,
नेमका मानेशी.
पोरगा दोन दिवस माझ्यासमोर आला नाही.
अठ्ठावीस वर्षांचा दांडा,
त्यातली एकोणीस दाजींच्या हातातली.
डावखुरे होते. मूठ त्यांच्या बाजूनं झिजलेली,
ओंकारचा हात तिथं कधी बसलाच नाही.

दाजींचं एक होतं:
उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.
उभ्याला करवत.
आधी खालून चीर, मग हातभर पुढे वरून,
फांदीचं ओझं उतरलं की मग खोडाजवळ,
पण खोडाला लागून नव्हे.
जिथं साल सुरकुतते, सदऱ्याच्या गळ्यासारखी,
ती सुरकुती झाडाची.
तिच्यातूनच झाड जखम मिटवत आणतं,
आपल्या सवडीनं, पाच-सात पावसाळ्यांत.
रेसिडेन्सीच्या चिंचांवर आजही
त्यांचे काप मला लांबून ओळखू येतात.
एक तर अजून मिटलेला नाही,
तिथं पोपट राहतात.

खाली पडलेल्या फांद्या फोडताना
येणारंजाणारं कुणी हटकून म्हणायचं,
"कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ!"
दाजी घाव न थांबवता विचारायचे,
"गोत कुठलं? हा मानपूरच्या घाटातला धावडा.
चिंचेशी याची सोयरीक कुणी जुळवली?"

दिवेलागणीला निम्मं नेढं मोकळं झालं.
आधी पाचर निघाली, बाभळीची, काळी ठिक्कर.
मग एक गंजकी चूक.
मग सायकलच्या ट्यूबची पट्टी.
आणि तिच्याखाली
घड्या घालून घालून नखाएवढा केलेला कागद,
तेल पिऊन पापडासारखा कडक.
उलगडला असता तर चुरा झाला असता.
कडेला अर्धी ओळ दिसत होती.
वळण माझंच,
भोपाळच्या ट्रेनिंगमध्ये होते तेव्हाचं,
बारीक, उजवीकडे कललेलं:
"...आता वर चढत जाऊ नका"

पत्र पोचलं, असं ते कधी बोलले नव्हते.
चढत मात्र राहिले, आणखी सहा वर्षं.

माळ्यावर धावडा होता, दोन वर्षं सावलीत वाळलेला.
रेषा पात्याच्या दिशेनं धरली,
गाठीचा तुकडा कापून टाकला,
वाकसानं उतरवला, बाटलीच्या काचेनं खरवडला.
ओंकारला बोलावलं. "हात दाखव."
"कुठला, आत्या?"
"ज्यानं मोडलास तो."
त्याच्या मुठीवर माप घेतलं.
तळव्याला दोन फोड होते, एक फुटलेला.

दांडा बसला, पण सैल.
बसणारच. अठ्ठावीस वर्षांत
नेढंसुद्धा आतून झिजतं.
ट्यूबची पट्टी नवी कापली.
तिच्याखाली तो कागद, न उघडता,
होता तसाच सारला. वर पाचर. चार ठोके.

"काय घातलंस आत?"
"भर."

मग सांगितलं,
रात्रभर जवसाच्या तेलात उभी ठेव, तोंड खाली करून.
पाण्यात नको.
पाण्यानं लाकूड लगेच फुगतं,
आणि उन्हं वर आली की
पुन्हा हलायला लागतं.