पेन्सिलीचा रकाना

झोम्बाच्या सरकारी रुग्णालयात, मागच्या खोलीत,
लिंबिकानी कुठवाला बारसं करतोय यंत्रांचं.
ना पाळणा, ना घुगऱ्या;
लिलोंग्वेहून आलेला एक तक्ता
आणि चिकटपट्टी.

नाव. प्रकार. धोक्याचा वर्ग. क्रमांक.
रकाने चारच, आणि यंत्रं
कुठकुठल्या देशांच्या दानातली:
कुणाच्या पाठीवर जर्मन, कुणाच्या जपानी,
एकाच्या पाठीवर नुसता वाळलेला गोंद.

बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू सांगतं,
त्याला लिहितो नाडी-प्राणवायू दर्शक, वर्ग ब.
दंड आवळून सोडतं, ते रक्तदाबाचं.
तळटीप म्हणते,
एकदा बघून बाजूला होतं ते मापक;
बघत राहतं आणि बिघडलं की हाक मारतं
ते निरीक्षक. गल्लत करू नये.
लिंबिकानी दोनदा वाचतो.
घरी मुलगा तापला होता तेव्हा
मी मापक होतो, त्याला आठवतं,
बायको निरीक्षक.

तीन नंबर वॉर्डातलं ते काच तडकलेलं,
रात्रभर उगाच कुरकुरणारं,
त्याला सिस्टर एस्नाट आगोगो म्हणते.
आजी की आजोबा, चिचेवात एकच शब्द.
चिमट्याला म्हणते काचाला, इवलंसं बोट.
आणि जे फडफडून ओरडतं ते न्खुकू, कोंबडी.
हे तक्त्यात बसत नाही.
आगोगो झालं
बहुमापी शय्या-निरीक्षक, झेड चारशे सतरा.
स्टिकर त्याने अंगठ्याने दाबून बसवलं.

गुरुवारी रात्री वीज गेली. आली तेव्हा
कोपऱ्यातली बाळंतीण पांढरी पडत चाललेली.
आगोगो आणा, एस्नाट ओरडली.
नवी मुलगी तियामिके
रजिस्टरवर बोट फिरवत राहिली, वरून खाली,
पुन्हा वरून.
आगोगो नावाचं काही नव्हतंच.

खाटेखाली चटईवर चार रात्री काढलेली
बाळंतिणीची नणंद उठली,
म्हणाली, ते कुरकुरं ना?
खिडकीपाशी, पडद्यामागे,
आणि स्वतःच ढकलत घेऊन आली.
एक चाक अडत होतं.

पुढचं वॉर्डाच्या वहीत आहे:
शनिवारी घरी सोडलं, मुलगी, दोन किलो नऊशे.

सोमवारी लिंबिकानीने फुटपट्टी घेतली,
तक्त्यात पाचवी रेघ ओढली.
मथळा दिला नाही.
पेन्सिलीने लिहिलं, कारण वॉर्डातली नावं
पाळीगणिक बदलतात:
आगोगो. काचाला. न्खुकू.

गोंदवाल्या यंत्रापाशी येऊन हात थांबला.
ते मापक की निरीक्षक, तेही नीट कळेना.
मग तक्ता तिथेच ठेवून
ते काखोटीला मारून तो वॉर्डात गेला,
दारातूनच विचारलं,
याला तुम्ही काय म्हणता?