नखाएवढी गोष्ट

एरुंदिना बूट काढते, मोजा काढत नाही.
"आधी दार लावून घे," म्हणते.
दार लावलेलंच असतं.

खिडकीबाहेर आरौसाची खाडी ओसरलेली,
कमरेपर्यंत काळ्या रबरातल्या बाया
दाताळ्यांनी वाळू विंचरत तिसऱ्या वेचताहेत.
एक्केचाळीस वर्षं हीदेखील त्यांच्यात होती.
पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय,
हे हिला कुणी सांगायला नको.

मोजा उतरतो.
अंगठ्याचं नख शिळ्या मेणासारखं पिवळं,
कडेला भुगा, खाली पोकळी,
ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं.
ती छताकडे बघत बोलते.

"नवऱ्याने हे कधीच पाहिलं नाही.
मी मोजे घालून झोपायचे.
त्याला वाटायचं, हिला थंडी वाजते.
रजईतला स्वतःचा वाटा माझ्यावर लोटायचा बिचारा,
आणि तसाच गेला, मी थंडीची आहे असं समजून."

व्हिनेगर झालं होतं. लसूण झाला होता.
एकदा नवऱ्याची पक्कडही.
आणि बहीण, दोसिंदा, भर जेवणात म्हणालेली:
पाय धूत नाहीस का गं?
"आई म्हणायची, तुला दोसिंदाच्या नखाची सर नाही.
खरंच झालं की ते."

मी हसत नाही. तीच हसते.

घाण नाही ही, बाई. बुरशी आहे, बहुतेक.
तिला अंधार लागतो, ओल लागते, ऊब लागते.
तुमच्या बुटाने तिन्ही दिलं,
जेवायला नख होतंच.
आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील,
खाजवून विसरलाही असाल;
तिथून ही चोरपावलांनी आत शिरली.

"बहुतेक म्हणजे?"
म्हणजे बुटाचा मार बसूनही नख असं होतं,
दुसऱ्या आजारांतही होतं.
नुसतं पाहून औषध देणार नाही मी.

भुगा खरवडते, डबीत भरते, नाव लिहिते.
प्रयोगशाळेत ती उगवायला काही आठवडे लागतील.
"म्हणजे तिकडे तिची शेती करणार तुम्ही?
ती कशाला?"
तिचं नाव विचारायला.

नाव कळलं. यकृतासाठी रक्त तपासलं.
गोळ्या, रोज एक, तीन महिने.

चौथ्या महिन्यात ती आली ती तणतणत.
दार उघडंच टाकलं.
"बघ! होतं तस्संच आहे!"

आता हिला कसं सांगू,
की पिवळं झालेलं पुन्हा पांढरं होत नसतं,
गोळी जुन्याला सुधारत नाही,
फक्त नव्याला वाट करून देते,
आणि नवं येतं महिन्याला दीड मिलिमीटर,
म्हणजे अख्ख्या अंगठ्याला वर्ष, दीड वर्ष...

मी बोटांनी हवेत माप दाखवत होते.
तिने माझा हात बाजूला केला,
खिशातून पितळेची पट्टी काढली,
तिसऱ्या मोजायची, कडा झिजून गुळगुळीत,
आणि वाकून नखाच्या मुळाशी धरली.
तिथे एक कोर होती. गुलाबी, स्वच्छ,
तांदळाच्या दाण्याहून फारशी रुंद नाही.

बराच वेळ ती वाकलेलीच राहिली.
वाकणं तिला नवं नव्हतं.

"लहान आहे," म्हणाली.
"मापात नाही. परत वाळूत."
मग पट्टी पुसत, जरा रागानेच:
"एक तिसरी मापात यायला दोन-तीन वर्षं थांबते मी.
वाढायचं आहे, एवढंच आधी सांगायचंस.
मी आपली बरं होण्याची वाट बघत बसले."

परत होईल का, हे तिने जाता जाता विचारलं.
होऊ शकतं, म्हटलं. खोटं कशाला.
पाय कोरडे ठेवा, बूट वाळवा, दोन जोड आलटून पालटून.

परवा घरी जाताना
तिच्या कुंपणाच्या खुंटांवर बूट उलटे टांगलेले दिसले,
आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.
दोन जोड होते.
एक तिचा.
दुसरा दोन माप तरी लहान,
टाचेवर लाल रंगात गिरवलेलं: दो.

मी काही विचारलं नाही.
वारा खाडीवरून येत होता, बऱ्यापैकी कोरडा.