पाचशे पंचावन्न

फुफ्फुसाचा तुकडा आला तेव्हा
डब्यावर नाव नव्हतं. नाव लिहायचं नाही, असा नियम.
फक्त आकडा, आणि सोबतच्या कागदावर, कोपऱ्यात,
कुणीतरी घाईघाईत पेनाने:
"गोळ्या नियमित घेत नसावा."

नसावा.
या शब्दाचं वजन आमच्या यंत्रात निघत नाही.

बाकी पुष्कळ निघतं.
उणे वीस अंशांत मी तो तुकडा कापते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
पातं जरा बोथट असलं
की काप सुरळी होऊन बसतो, रुसल्यासारखा.
ब्रशाने त्याची समजूत काढायची, काचेवर निजवायचं,
आणि तोवर श्वास सोडायचा नाही.

फिकीले वरून आम्लाचा फवारा देते.
फार ओला नको. औषध जागा सोडून वाहिलं
तर नकाशा खोटं बोलतो.
मग दार बंद, आतली हवा काढून घेतलेली,
आणि लेझर सुरू:
ठिपका, ठिपका, ठिपका,
ओळ संपली की खालची ओळ.
प्रत्येक ठिपक्यातून उडालेले रेणू नळीतून धावत सुटतात,
हलके आधी पोचतात, जड मागून.
इतकं महागडं यंत्र, पण काम काय,
तर कोण कधी पोचलं ते लिहून ठेवायचं.
शाळेच्या मैदानावर घड्याळ धरून उभ्या मास्तरासारखं.

आम्ही पाचशे पंचावन्नची वाट बघत होतो.
त्या औषधात ब्रोमीन असतो, आणि ब्रोमीन जुळा,
एक भाऊ दुसऱ्यापेक्षा दोनाने जड.
म्हणून ते शिखर एकटं येत नाही,
शेजारी पाचशे सत्तावन्न, जवळजवळ तेवढंच उंच,
खांद्याला खांदा लावून.
सोंग घेऊन आलेला इथेच पकडला जातो.

रात्रभर यंत्र चाललं.
डर्बनच्या बंदरात एक जहाज साखर भरत होतं,
त्याचा दिवा खिडकीतून येऊन भिंतीवर हलायचा.
साडेचारला जुळे आले.
आले म्हणजे काय, गर्दी केली त्यांनी!
पडद्यावर पिवळं, मग नारिंगी, मग लालभडक कडं,
गाठीच्या चहूबाजूंनी
औषध वेशीवर दाटीवाटीने उभं.
आणि वेशीच्या आत काळं.
एक ठिपकाही नाही.

सकाळी सिस्टर म्तेम्बू आली, वॉर्डातल्या बाटल्या घेऊन.
माझ्या खांद्यावरून बघत राहिली.
"हे लाल काय?"
"औषध."
"एवढं?"
"महिनोन्‌महिने घेतल्याशिवाय एवढं साठत नाही."
"आणि मधलं काळं?"
"तिथे जंतू आहेत."

ती खुर्चीवर बसली. बाटल्या मांडीवरच.
"बाबा झोंडी," ती म्हणाली. "क्रेनवर होते, धक्क्यावर."
नाव सांगायचं नसतं, मी म्हणाले.
तिला ऐकू गेलं नसावं.
"रोज म्हणायचे, घेतली सिस्टर, पुथुच्या घासाबरोबर घेतली.
आणि मी जबडा उघडायला लावायचे,
टॉर्च मारून जिभेखाली बघायचे.
सत्तर वर्षांचा माणूस."

अहवालात रकाने ठरलेले असतात.
मी भरले: औषध आढळले. केंद्रभागी आढळले नाही.
"तो खरं बोलत होता" यासाठी रकाना नाही;
फिकीले म्हणाली, शेऱ्यात लिही.
शेऱ्यात लिहिलं. वरून कुणीतरी खोडेल, बघू.

सिस्टरने चित्राची प्रत मागितली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.
काळ्याला शाई फार लागते, प्रिंटर मध्येच कुरकुरला.
ओला कागद तिने दोन्ही हातांवर आडवा धरला,
मधल्या डागाला काही लागू नये म्हणून,
आणि कोपराने दार ढकलून गेली.
बाटल्या इथेच राहिल्या.