पांढरे मोजे

रविवारी चारच्या सुमारास
बाकोंगोच्या गल्लीत उन्हाची धार बोथट होते
आणि माझे वडील, इलारिओं बासुंबा,
पोस्टातून निवृत्त, रक्तात साखर,
मगरीच्या कातड्याचे बूट फडक्यातून काढतात,
तान्हं बाळ दुपट्यातून काढावं तसे.

त्याआधीचा अर्धा तास ते माझे.
मी दवाखान्यातली नर्स. माझ्यापाशी स्टूल, आरसा,
कोपर बुडवून पाहिलेलं कोमट पाणी.
एकेक बोट उघडते, बेचकीतून पंचा फिरवते,
ओल राहता कामा नये.
नखं सरळ कापते. टाचेला तेल लावते,
बोटांच्या मध्ये नाही.
"चर्चमधला फादरसुद्धा वर्षातून एकदाच पाय धुतो,"
ते म्हणतात. "तेही दुसऱ्यांचे, लोक बघत असताना."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
त्यांची वाटेतच कुठेतरी विझते.
मी बोथट टोकानं विचारते: इथे?
ते मान हलवतात.
इथे?
ते नदीच्या दिशेला बघत राहतात.

गेल्या जूनमध्ये बुटात एक बटण पडलं होतं.
शर्टाचं, शिंपल्याचं, डाळीएवढं.
ते त्यावर दिवसभर चालले.
दोन लग्नं, एक बाप्तिस्मा,
वर बारसमोर गुडघा वाकवून
बुटाचं टोक आभाळाला दाखवणं, तेही तीनदा.
बूट कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं,
या म्हणीवर मीही विसंबले होते.
रात्री मोजा ओढला. मोजा डाळिंबी.
रंगानं रंगाला पोटात घातलं होतं.

जखम भरायला नऊ आठवडे.
नऊ आठवडे ते रबरी चपलेत, दारात बसून,
येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट नावागावानिशी ओळखत,
आणि आपलेच पाय खुर्चीखाली लपवत.

तेव्हा मी नियम केला: मोजे सुती, आणि पांढरे.
रक्त दिसलं पाहिजे.
त्यांचा नियम माझ्या जन्माआधीचा:
अंगावर रंग तीनच.
चौथा चढला की माणसाची बाजारातली छत्री होते.
हिरवा सूट. डाळिंबी बूट. पिवळा शर्ट, पिवळाच टाय.
"आता पांढरा कुठे बसवू, लुदिवीन?
तूच शिकलेली आहेस. सांग."
तीन दिवस आमच्यात फक्त इन्सुलिनपुरतं बोलणं.

मग मी त्यांना मास्टर एन्झाबाकडे नेलं, मुद्दाम संध्याकाळी,
पाय दिवसभराचे सुजलेले असताना.
त्यानं वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिल फिरवली.
जुन्या मापापेक्षा बोटभर रुंद.
"अंथरूण पाहून पाय पसरावेत," वडील पुटपुटले,
"पण या हरामखोरांना कोण सांगणार?"
एन्झाबा हसला नाही.
आठ दिवस त्यानं बूट लाकडी साच्यावर ताणले,
आतली एक कडक शिवण उसवून
मेंढीचं मऊ कातडं लावलं,
आणि पैसे मात्र दोन जोड्यांचे घेतले.

पुढच्या रविवारी मी पाणी तापवत होते,
आत कपाट उघडल्याचा आवाज.
तो पिवळा टाय काकांनी पॅरिसहून धाडलेला.
त्या पार्सलवर वडिलांनी स्वतःच्या हातानं
शिक्का मारला होता, काउंटर क्रमांक दोन.
त्यांनी तो घडी करून ठेवला. शर्टही.
बाहेर आले ते हिरवे आणि डाळिंबी,
आणि गळ्याशी पांढरे.
मी काही बोलले नाही. बोलले असते तर
पिवळा परत आला असता.

तळव्याखाली आरसा धरला.
"जरा वर धर."
धरला. त्यांनी गाठ सारखी केली.
मी बूट उलटा करून झटकला, आत हात घातला,
शिवणीवरून बोट फिरवलं. मग दुसरा.

आता ते चाळीस पावलं नाहीत, बारा चालतात,
मग शेजारचा पोरगा खुर्ची मांडतो
आणि बसणं हाही खेळाचाच भाग होतो.
पाय पायावर. छडी आडवी. शिट्ट्या.
सगळी गल्ली बूट बघते.
मी दारातून बघते
पँटची किनार आणि बूट यांच्या मधली
दोन बोटं पांढरी.