पोहरा

डेटाबेसचं नाव काएव. एस्टोनियन भाषेत विहीर.
फुकटची विहीर : कुणीही यावं, उपसावं,
वाटलं तर कठड्याचा निसटलेला दगड बसवून जावं.
तार्तू शहरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं, आणि वाद पोहऱ्याचा :
काळ्या खिडकीत लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेपुढे
माणसानं कुठल्या भाषेत बोलायचं.

मी मॅन्युअल लिहिते, म्हणून मला मत नाही.
मला हीटरजवळची खुर्ची आहे
आणि कोण काय म्हणालं याची वही.

तार्वी म्हणाला, जावास्क्रिप्ट. सगळ्यांना येते.
माझ्या मेव्हण्याला येते,
येत नाही म्हणणाऱ्यांनाही थोडी येतेच.
उर्वे म्हणाली, लुआ. लहानशी आहे,
एकटी येते, मागून बिऱ्हाड आणत नाही.
आणि मोजते एकापासून,
धान्य मापताना पहिल्या मापाला
शून्य कुणी म्हणत नाही, लाभ म्हणतात, तशी.

हेल्दुर गप्प.
जुना शेल त्याचा. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात
त्यानं स्वतःच भाषा रचली होती, अकरा शब्दांची.
तिच्यात जर नव्हतं, तर नव्हतं.
तक्रार आली की म्हणायचा, दोष नाही, स्वभाव आहे.

तीन आठवडे गेले. खाली एमायगी नदीवरचा बर्फ
रात्री कडाकड मोडायचा, सकाळी पुन्हा सांधलेला दिसायचा.
तार्वीनं तोवर नमुना बांधून पाठवलासुद्धा,
आणि हीउमा बेटावरून साल्मेचं पत्र आलं.
ती सील मोजते. प्रत्येक सीलला सोळा आकडी क्रमांक.
लिहिलं होतं :
मी विहिरीत सोडलेला सील परत येत नाही.
त्याचा शेजारी येतो.

उर्वेनं सगळ्यांसमोर टाइप केलं
९००७१९९२५४७४०९९३
आणि एंटर.
शेलनं उत्तर दिलं
९००७१९९२५४७४०९९२
नम्रपणे, चूक नाही, इशारा नाही.

आडात होतं. पोहऱ्यात नव्हतं.

तार्वी लालबुंद झाला. उपाय आहे, म्हणाला,
आकड्याच्या मागे एक अक्षर जोडायचं फक्त.
कुणी जोडायचं, उर्वेनं विचारलं,
होडीत बसून, हातमोजे घालून?

तेव्हा हेल्दुर बोलला, भलतंच.
दोन वर्षं सैन्यात होतो, म्हणाला, दूर, तिकडे पूर्वेला.
आज्ञा सगळ्या दुसऱ्यांच्या भाषेत.
डावीकडे. उजवीकडे. थांब.
पायांना आधी कळायचं, मला नंतर.
सुटून घरी आलो तर आई म्हणाली बस,
आणि मी ताडकन उभाच राहिलो.

मग त्यानं चहात साखर घातली
आणि ढवळायचं विसरला.
हे वहीत लिहावं की नाही, मला कळेना.
मी लिहिलं : हेल्दुर, सैन्य, साखर.

लुआ ठरली. मत कुणी मोजलं नाही.
जुना शेल काढून टाकायचं काम हेल्दुरनं मागून घेतलं :
चार हजार ओळी, पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल.
तार्वीनं त्या एकेक तपासल्या. घाई केली नाही.
एका ठिकाणी थांबून म्हणाला, हा राहू दे.

अकरावा शब्द होता, आइताब.
म्हणजे पुरे. हेल्दुरच्या भाषेत
बाहेर पडायचा तेवढाच रस्ता.

आता मॅन्युअलच्या एकोणचाळिसाव्या पानावर
बाहेर पडण्याच्या चार तऱ्हा आहेत,
तीन जगात कुठेही चालतील अशा.
चौथीचं स्पष्टीकरण मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

एप्रिलात साल्मेनं नोंदींची फाइल पाठवली.
दोनशे बारा सील, शेवटचा आकडाही जागेवर,
आणि सगळ्यात खाली, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
बहुधा ओल्या बोटांनी,
आइतब

एक अक्षर कमी.
शेल म्हणाला, कळलं नाही.
तिनं पुन्हा लिहिलं.